बाईची मजुरी

"चढ काट्यावर," शेठ म्हणाला.

भरलेले डंपर तोलायचा तो वजनकाटा. खडी क्रशरच्या ऑफिससमोरच. डंपरवाले चहा पीत उभे होते. मला वाटलं, गंमत करतोय. तो परत म्हणाला, "चढ की. गड्याएवढं वजन भरलं तर गड्याएवढी मजुरी."

मी चढले. मालक सांगतो ते करायचं, एवढंच अंगात मुरलेलं.

आतून कारकून ओरडला, "शेठ, काट्याला बाई दिसतच नाय."

सगळे हसले. माझा नवरा तिथंच दगड फोडत होता. त्यानं मान खाली घातली. मी उतरले आणि घमेलं उचलून कामाला लागले. डोळ्यांत धूळ गेली म्हणून पुसले, असं शेजारणीला सांगितलं.

मी मागितलं काय होतं? नाशकात रस्त्यांची कामं निघाली, खडीला मागणी आली. गडी शेजारच्या खाणीवर जायला लागले, तशी शेठनं त्यांची मजुरी वाढवली. मग परत वाढवली. आमची होती तिथंच. गॅस वाढला, हरसूलकडं गावी जायचं भाडं वाढलं, तेल वाढलं. बाईची मजुरी तेवढी हलली नाही. गडी दगड फोडायचे. तेच दगड आम्ही डोक्यावर घेऊन ट्रॉलीत टाकायचो. बाईच्या डोक्यावर दगड हलका होतो का? तेवढंच विचारायला गेले होते.

घरी नवरा म्हणाला, कशाला गेलीस विचारायला. वाईट नाही तो. दमलेला होता. मीही दमले होते. भाकरी थापल्या, जेवलो.

सकाळी कामावर गेले. घमेलं भरलं, उचलायला वाकले आणि उचलेना. राग नव्हता. अंगच नाही म्हणालं. घमेलं तिथंच ठेवलं आणि दगडावर बसले. मुकादम शिव्या देत आला. मी म्हणाले, "गड्याची मजुरी द्या, उचलते."

कमळाबाई आमच्यात सगळ्यांत थोरली. पेठकडची. धुळीनं तिचा खोकला थांबायचा नाही. ती आली आणि माझ्या शेजारी बसली. मग आणखी काहीजणी बसल्या. काही नाही बसल्या. त्यांना मी दोष देत नाही, घरी लेकरं असतात.

दगड पोचेना, दुपारी क्रशर थांबला. शेठनं मला ऑफिसात बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बसायला खुर्ची दिली. हळू आवाजात म्हणाला, "तुला एकटीला गड्याची मजुरी देतो. बाकीच्यांना उठव. कुणाला बोलू नको."

माझी पोरगी नाशकात नर्सिंग शिकते. होस्टेलचे पैसे भरायचे होते. मन डळमळलं, खोटं कशाला सांगू. बाहेर कमळाबाई खोकत होती. काचेतून ऐकू येत होतं.

मी उठले. म्हणाले, "शेठ, सगळ्यांना द्या. नायतर मलाबी नको."

त्यानं खाणीवर राहायला दिलेली खोली संध्याकाळच्या आत खाली करायला सांगितली. नवऱ्यानं ऐकलं आणि गोधड्या गुंडाळल्या. त्याची वाढलेली मजुरी तिथंच राहिली. एका शब्दानं बोलला नाही मला.

पुढं काय झालं? काही चांगलं झालं नाही. बसलेल्या बाया जुन्याच मजुरीवर परत घेतल्या. कमळाबाई गावी गेली, आता तिला काम होत नाही. पोरीची फी नवऱ्याच्या भावाकडून उसनी आणली. आम्ही त्याच डोंगराच्या पलीकडच्या खाणीवर आहोत. इथंही बाईला कमीच देतात. पोट आहे म्हणून घेते. पटलं म्हणून नाही.

आता बाजाराच्या दिवशी भाजीच्या रांगेत खाणीवरच्या बाया भेटतात. मी प्रत्येकीला तिची मजुरी विचारते, तिच्या नवऱ्याचीही विचारते. बऱ्याचजणी तोंड फिरवतात. एकजण म्हणाली, "तुझ्यासारखं घर सोडायची ताकद नाय आमच्यात." मी म्हणाले, माझ्यातही नव्हती.

गुडघे धरतात आता. सकाळी उठवत नाही. तरी मी विचारत राहणार. एकीनं बसून भागत नाही, हे मी भोगून शिकले. पुढच्या वेळी बसू तेव्हा या डोंगराच्या सगळ्या खाणींवर एकाच सकाळी बसू. आणि कुणालाही आत बोलावून खुर्ची देऊ केली, तरी ती एकटी आत जाणार नाही.