नूला मावशीच्या टाकीवरचा कावळा

रॉकेलची टाकी मी रंगवली, आणि मन लावून रंगवली. चुकलं ते तिथेच. उरकायचं म्हणून उरकली असती, तर पुढचं काही घडलंच नसतं.

नूला मावशीकडे, म्हणजे मी राहतो त्या घरी, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता मिस्सा होती. आमच्या भागात ती घरोघर पाळीने फिरते, आणि मावशीच्या घराला ती सात वर्षांनी आली होती. फादर येणार, त्यांच्यामागून सतरा घरांतली माणसं येणार, आणि डोळे मिटून प्रार्थना करता करता पडदे, भिंती अन् कपाटावरची धूळ सगळं बघून जाणार. म्हणून मावशीने बैठकीच्या खोलीला नवा रंग दिला, सोमवारी टाकी काठोकाठ भरून घेतली, आणि मंगळवारी मला परसात पिटाळलं. "ती गंजकी टाकी खिडकीतून दिसते, फर्गल. बारा वर्षं शाळेत गेलास, आता निदान ब्रश तरी धर."

टाकीच्या माथ्यावर बगळ्याच्या मानेसारखी वाकलेली एक बारीक नळी आहे. तिच्यात रंग जाऊ नये म्हणून मी पावाची रिकामी पिशवी तिच्या तोंडावर चढवली आणि गवताचे गठ्ठे बांधतात त्या निळ्या सुतळीने करकचून गाठ मारली. मग रंगाच्या भरात पिशवीवरूनही दोनदा ब्रश फिरवला. टाकी अशी हिरवीगार झाली, की शेजारच्या बार्टलीची गाय कुंपणाशी येऊन तिच्याकडे बघत उभी राहिली.

बुधवारी सकाळी घर गारठलेलं. रॉकेलवर घर तापवणारा बॉयलर बंद, रीसेटच्या बटणात लाल दिवा. मी बटण दाबलं. घरघर, खट्, पुन्हा लाल. पुन्हा दाबलं. अकराव्या वेळी मावशी म्हणाली, "ती काय दारावरची घंटा आहे? मॅलकीला फोन कर."

मॅलकी गिलरेन. डोंगराच्या या अंगाला असा एक बॉयलर नाही, ज्याच्या पोटात गेल्या चाळीस वर्षांत मॅलकीचा हात गेला नाही. वय सदुसष्ट. "तासाभरात पोचतो" म्हणाला, की दुपारचं जेवण उरकून घ्यावं. व्हॅनमध्ये पुढची सीट कुत्रीची. माणसाला सोबत यायचं असेल तर त्याने मागे नळ्यांवर बसावं. बॉयलरपुढे गुडघे टेकायचे, पेचकसाचं टोक पंपाला लावायचं आणि मूठ कानाला, की पंपाची तब्येत त्याला कळते. पण त्याआधी, कुठल्याही घरी, तो टाकीचं झाकण उघडून आत काठी बुडवतो. काठी म्हणजे पबमधल्या स्नूकरची मोडकी क्यू. टाकी भरलेली आहे हे कुणी शपथेवर सांगितलं तरी बुडवतो. "लोक आपलं वयही शपथेवर सांगतात," असं म्हणतो. झाकण लावायचं ते काम संपल्यावर, निघताना.

बुधवारी त्याने काठी बुडवली, गाळणी धुतली, लाईनीतली हवा काढली आणि बटण दाबलं. भप्प! ज्योत पेटली. दोन कप चहा, केकचा एक तुकडा, आणि "आता नाताळपर्यंत बघायला नको" म्हणून तो गेला.

नाताळ गुरुवारी सकाळीच आला. पुन्हा लाल दिवा.

या खेपेला मॅलकीने रॉकेल फवारणारं नोझल बदललं आणि ज्योतीवर नजर ठेवणारा काचेचा डोळा पुसला. पुन्हा भप्प. पुन्हा ठणठणीत. तेवढ्यात कुंपणापलीकडून बार्टली ओरडला, "काय रे मॅलकी, नूलाकडे रोजच्या फेऱ्या? लग्न बॉयलरशी लावतोयस की तिच्याशी?"

एरवी मॅलकीने त्याला गाईसकट परतवलं असतं. पण आज तो मान खाली घालून हत्यारं आवरत राहिला. मावशी हात पुसत बाहेर आली.

"मॅलकी, राग मानू नकोस. उद्या संध्याकाळी सतरा घरं माझ्या घरात बसणार आहेत. आणखी एकदा बंद पडला, तर मी शहरातल्या त्या मशीन लावून बॉयलर तपासणाऱ्याला बोलावीन."

"बोलाव की," मॅलकी म्हणाला. त्या दिवशी त्याने दुसरा कप घेतला नाही.

मला कळलं, त्याला कुठे लागलं ते. वर्षभर लोक हळू आवाजात बोलत होतेच: मॅलकीला ऐकू कमी येतं, मॅलकीचं आता वय झालं. ऐन मिस्सेत मावशीच्या घरात सगळे कोट घालून कुडकुडत बसले असते, तर तेच मोठ्या आवाजात बोलायला सतरा घरं मोकळी झाली असती. नंतर त्याला कुणी फोन केला नसता. आणि फोन आला नाही, तर मॅलकी दिवसभर करणार काय? कुत्रीला फिरवणार?

शुक्रवारी दुपारी तीनला लाल दिवा. मावशी सँडविचं कापत होती. ती सुरी खाली ठेवून फोनकडे बघायला लागली. मी तिच्याआधी तो उचलला आणि मॅलकीला लावला. तो खरोखरच तासाच्या आत आला. त्यावरूनच कळलं, प्रकरण गंभीर आहे.

या वेळी तो बॉयलरकडे गेलाच नाही. परसात बादली पालथी घालून बसला.

"फर्गल, मी आलो की हा चालतो. गेलो की बंद पडतो. माझी कुत्रीसुद्धा माझ्यावर एवढं प्रेम करत नाही. मी आल्या आल्या पहिलं काय करतो?"

"टाकीत काठी घालतोस."

"काठीच्या आधी?"

"झाकण उघडतोस."

मॅलकी उठला. बुधवारी बार्टलीचा ट्रॅक्टर घुरघुरत होता, गुरुवारी वारं सुटलं होतं. आज सगळं शांत होतं. त्याने बरा कान झाकणाला लावला आणि झाकण बोटभर फिरवलं. स्स्स्स... टाकीने हवा ओढली, बुडता बुडता वर आलेल्या माणसासारखी.

"उपाशी नाही, गुदमरलीय," तो म्हणाला. "रॉकेल बाहेर जातं, पण त्याच्या जागी आत यायला हवाच नाही." मग त्याची नजर वर गेली, नळीवर, आणि तिथल्या हिरव्या फुगीर बोंडावर. त्याने नखाने रंग खरवडला. खालून पावाची पिशवी निघाली. मग निळी सुतळी.

"रंग कुणी दिला?"

"मी," मी म्हणालो. माझे कान तापले. थंड घरात तेवढीच ऊब.

मॅलकीने चाकूने सुतळी कापली आणि पिशवी खिशात कोंबली. आत जाऊन बटण दाबलं. भप्प. मावशी दारात आली.

"काय होतं?"

आता खरं सांगितलं असतं, तर मॅलकी सुटला असता आणि मी सतरा घरांत जन्मभर गाजलो असतो. तो माझ्याकडे बघत राहिला. बराच वेळ. मुद्दामच.

"कावळा," तो म्हणाला. "हवेच्या नळीत काटक्या कोंबून ठेवल्या होत्या. मोठा मूर्ख कावळा, नूला. पण वयाने लहान दिसतो, शिकेल."

संध्याकाळी घर इतकं तापलं, की फादरनी मध्येच खिडकी उघडायला लावली. चहाच्या वेळी बार्टलीने सुरुवात केलीच, "तीन खेपा लागल्या म्हणे?" मॅलकीने कावळ्याची गोष्ट अशी रंगवून सांगितली, की लोक प्रार्थनेपेक्षा तीच लक्ष देऊन ऐकत होते. मिसेस फ्लिननी तर तिथल्या तिथे स्वतःच्या बॉयलरसाठी त्याला सोमवार ठरवून दिला.

मावशीने सफरचंदाच्या टार्टचा सगळ्यात मोठा तुकडा मॅलकीपुढे ठेवला. ठेवता ठेवता तिची नजर त्याच्या खिशावर गेली. खिशातून निळी सुतळी लोंबत होती. ती माझ्या कानाशी आली.

"फर्गल, कावळे गाठ मारायला कधी शिकले रे?"

निघताना मॅलकीने मला व्हॅनशी बोलावलं. त्याच्या स्वतःच्या घरची टाकी या भागातली सगळ्यात गंजकी आहे, हे सगळ्यांना माहीत आहे. "कोरडा दिवस बघून ये," तो म्हणाला. "ब्रश आण. पिशवी आणू नकोस." मी कबूल केलं. कुत्रीसमोर.

ते ऑक्टोबरमध्ये. आता मार्च संपत आला. हिरवा रंग अर्धा डबा शिल्लक आहे, ब्रशही धुऊन ठेवलाय, आणि आमच्या या सदा पावसाळी भागात कोरडे दिवस मी मोजलेत त्याप्रमाणे तीन येऊन गेले. त्या तिन्ही दिवशी मला काहीतरी काम निघालं. मॅलकी काही म्हणत नाही. फक्त आमच्या फाटकावरून जाताना व्हॅन हळू करतो, काच खाली घेतो आणि अगदी शांतपणे ओरडतो: "काव!"

हल्ली कुत्रीही भुंकून साथ देते.