मागच्या डाव्या चाकाची टोपी

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. देवालाही नाही — त्याला सगळं ठाऊक असतं म्हणतात, तरी हात जोडताना मी हा विषय टाळतोच. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या दुकानात येत नाही आणि माझ्या व्याह्यांना ओळखत नाही.

अकोल्यात माझं सिमेंट-लोखंडाचं दुकान आहे. दारात सात माणसांची मोठी गाडी आहे. आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंत वासुदेव होता, आमचा ड्रायव्हर. चौदा वर्षं होता. माझ्या पोरीला शाळेत सोडणारा तो, पुढं कॉलेजला गेल्यावर स्टेशनवर पुण्याच्या गाडीत बसवून देणाराही तोच. तिला तो ताई म्हणायचा. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी चारही चाकांपाशी उकिडवा बसायचा, हवा मोजायचा, आणि आकडा खिशातल्या डायरीत लिहायचा. "चाकं थंडे असले तवाच हवा खरं सांगते, भाऊ," म्हणायचा. मी हसायचो. म्हणायचो, तू काय डॉक्टर आहेस का रे?

गाडीचे टायर झिजले तेव्हा त्यानं मला सांगितलं होतं — "आपल्याले डांबरावरच चालाचं हाये. कंपनीच्या मापाचेच घ्या." ऐकलं मी? छे! नवे घेतले ते रुंद, खोल खाचांचे, दगडधोंड्यांत चालवायचे. कशासाठी? समोरच्या टाइल्सवाल्याच्या गाडीला तसेच होते म्हणून! वर हवेच्या व्हॉल्व्हवर पितळी टोप्या बसवल्या, चकचकीत. बाहेरून गाडी लय झकास दिसायची. आत बसलं की घरघर, आणि खड्डा आला की मणक्यापर्यंत दणका. पैसे मोजून मी डोकेदुखी विकत घेतली होती, आणि चिडायचं कोणावर? मग वासुदेववरच चिडायचो, गाडी नीट चालव म्हणून.

त्या वर्षी पोरीचं लग्न झालं, पुण्याला दिली. मे महिन्यात व्याही आणि विहीणबाई पहिल्यांदाच आमच्याकडं आले. उन्हानं बिचारे सुकून गेले, म्हणून त्यांना एक दिवस चिखलदऱ्याला न्यायचं ठरवलं. पहाटे निघालो. अंजनगावपर्यंत विहीणबाई वरचं हँडल धरून बसल्या होत्या. मग हसत म्हणाल्या, "अहो, रणगाड्यात बसल्यासारखं वाटतंय." सगळे हसले. मीही हसलो — पण असा जिव्हारी लागला तो शब्द!

आता मुद्द्यावर येतो. येतोच आहे. — सोपं नाही हो.

परतवाड्याला चहाला थांबलो. पाहुणे हॉटेलात बसले, वासुदेव पाण्याचा कॅन भरायला गेला. आमच्या बाजारात जो तो म्हणतो, उन्हाळ्यात हवा फुगते, टायरात हवा कमीच ठेवावी, गाडीही मऊ चालते. वासुदेवनं मला दहादा सांगितलं होतं की हे साफ खोटं आहे — "हवा कमी असली का टायर वाकते, अन् वाकलं का जास्त तापते." मला ठाऊक होतं. अज्ञान वगैरे काही नाही. तरी मी खाली बसलो, एकेक टोपी काढली, आणि चावीच्या टोकानं व्हॉल्व्ह दाबून हवा सोडली. चारही चाकांची. अंदाजानं. शेवटचं चाक मागचं डावं. तेवढ्यात वासुदेव येताना दिसला, मी उठलो, आणि त्या चाकाची टोपी माझ्या मुठीतच राहिली. खिशात टाकली.

घाट हळूहळू चढलो. गाडी खरंच मऊ चालत होती, विहीणबाईंना झोप लागली. मला केवढा आनंद झाला!

दुपारी परत निघालो. घाट उतरून, परतवाडा मागं टाकून सरळ रस्त्याला लागलो. ऊन असं की समोरचं डांबर हलत होतं. वासुदेव म्हणाला, "भाऊ, गाडी जड लागून राहिली. दोन मिंटं थांबून हवा पायतो."

तेव्हा सांगता आलं असतं ना? 'मीच सोडली' — एवढे दोन शब्द. पण व्याह्यांसमोर? मी म्हणालो, "काहून थांबतो रे? उशीर होऊन राहिला. चाल."

तो चालला. मालक मी होतो.

दहा मिनिटांत मागचं डावं चाक फुटलं. गाडी फरफटत रस्त्याच्या कडेला गेली. वासुदेवनं ब्रेक दाबला नाही, स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं, आणि गाडी हळूहळू नांगरलेल्या वावरात नेऊन उभी केली. उलटली असती तर आज हे सांगायला मी नसतो. विहीणबाईंचं मनगट मोडलं. बाकी सगळे धड होतो, आणि ते त्याच्यामुळं.

पाहुण्यांना झाडाखाली बसवल्यावर तो चाकांपाशी गेला. फुटलेल्या टायरच्या व्हॉल्व्हवर बोट फिरवलं. मग उरलेली तीन चाकं मोजली. बावीस, तेवीस, बावीस. सकाळी त्यानं डायरीत प्रत्येक चाकापुढं पस्तीस लिहिले होते. तीन चाकांतली हवा एकाच दिवशी, एकसारखी, आपोआप कमी होते का? तो सावकाश उठला आणि माझ्याकडं बघितलं. माझा हात खिशात होता. टोपीवर.

तो तोंड उघडणार, तेवढ्यात मी ओरडलो. सगळ्यांना ऐकू जाईल असा — "सकाळी हवा पाहिली नव्हती का रे तू?"

"पायली होती, भाऊ. डायरीत हाये."

"डायरीत काय, कोणीही काहीही लिहितं!"

व्याही जवळ आले होते. माझंच खरं धरून त्यांनी मान हलवली. वासुदेवनं हातातली डायरी खिशात ठेवली, आणि त्यानंतर तो एक शब्द बोलला नाही. पाहुण्यांसमोर मला का वाचवलं त्यानं? ताईचं सासर होतं म्हणून? मला माहीत नाही. विचारायला मी कधी गेलोच नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्याला काढलं. ड्रायव्हरचं नाव तोंडातोंडी फिरतं, तसंच खराबही होतं. 'तो हवा पाहत नाही' हे अकोल्यात आठ दिवसांत सगळ्यांना कळलं. आता तो एका मंगल कार्यालयात खुर्च्या मांडतो. मी ते टायर काढून कंपनीच्या मापाचे बसवले. टोपी दुकानाच्या ड्रॉवरमध्ये आहे. फेकायला म्हणून तीनदा काढली, तीनदा परत ठेवली. डोकं फिरतं अक्षरशः!

एवढंच असतं तर म्हटलं असतं, माणूस घाबरला, झालं ते झालं. पण एवढंच नाही.

मागच्या महिन्यात शाळेच्या गाड्या चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. म्हणाला, वासुदेव कामाचं विचारून राहिला, ठेवून घ्यायचा विचार आहे. "तुमच्याकडं होता ना चौदा वर्षं? कसा हाये?"

दुकानात मी एकटाच होतो. व्याही नव्हते, बायको नव्हती, कोणी नव्हतं.

मी म्हणालो, "माणूस चांगला हाये. फक्त हवा पाहत नाही."

फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी काढायच्या आधी, चाकं थंड असताना, मी उकिडवा बसून चारही चाकांची हवा मोजली. रोज मोजतो. पस्तीस होती.