खाट हलवलेली आईला माहीत नव्हतं

माझे धाकटे दीर चाळिशीचे आहेत. लहानपणापासून त्यांना समज कमी, असं सगळे म्हणतात. सासूबाईंना आता जवळजवळ दिसत नाही. आमचे हे ट्रकवर असतात, त्यामुळे दोघांजवळ दिवसभर मीच. गंगापूर रोडच्या एका मेसमध्ये मला पोळ्यांचं काम मिळत होतं, पण या दोघांना सोडून जायचं कसं? हरसूलच्या थोरल्या नणंदबाई आल्या. म्हणाल्या, आईला मी नेते, भावाला एखाद्या संस्थेत ठेवू. मायलेकरांची ताटातूट होणार हे कळत होतं, तरी मी उठून चहा ठेवला.

दुपारी सासूबाई मोरीत गेल्या. आईला वारा लागावा म्हणून नणंदबाईंनी भिंतीजवळची तिची खाट खिडकीखाली सरकवली. मग सहज भावाला विचारलं, "आई आली की कुठं बसंल रं?"

भाऊजींनी खिडकीकडे बोट केलं.

नणंदबाई मला म्हणाल्या, "बघ. खाट हलवलेली आईला कुठं माहीत हाय? याला वाटतं, आपल्याला ठाऊक ते सगळ्यांना ठाऊक. हा काय सांभाळणार तिला?"

मोरीची कडी वाजली. भाऊजी उठले आणि खाट ओढत परत भिंतीशी घेऊन गेले. सासूबाई भिंत चाचपत आल्या, पाठ फिरवली आणि नेहमीसारख्या बसल्या. खाट नसती तर फरशीवरच आदळल्या असत्या.

"सवय हाय त्याची," नणंदबाई म्हणाल्या. "हलवलेली वस्तू त्याला खपत नाय."

मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या दिवशी मी सासूबाईंना सांगून, त्यांचा हात खाटेवर ठेवून, ती खिडकीखाली नेली. भाऊजी बघत होते, नणंदबाईही. सासूबाई मोरीत जाऊन आल्या आणि चाचपडत खिडकीकडे गेल्या. भाऊजी जागचे हलले नाहीत. आज आईला माहीत होतं ना!

आईला काय ठाऊक आहे आणि काय नाही, हे त्यांच्या मनात लख्ख होतं. विचारलं की मात्र सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं मी त्यांना जेवायला वाढते. मी जे कुणाशी बोलत नाही, तेही त्यांना कळत असेल का?

मी नणंदबाईंना म्हटलं, "ताई, दोघांना इथंच राहू द्या."

त्यांनी भावाकडे बघितलं. मग म्हणाल्या, "तू जा कामाला. हा आईला कसा सांभाळतो, मी थांबून बघते."

त्या काही दिवस थांबल्या, आणि नंतर एकट्याच हरसूलच्या गाडीत बसल्या.