हसू न परवडणाऱ्या मृणालिनीकाकू

दोह्यातल्या ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये पक्की खबर होती, की मृणालिनीकाकू हसत नाहीत, कारण त्यांचे देवव्रतकाका लुसैलचं स्टेडियम बांधताहेत. म्हणजे काका एकटेच बांधताहेत. बाकीचे हजारो लोक उन्हात नुसते उभे आहेत. मग वर्ल्ड कपवाल्यांची बायको आपल्यासारख्यांच्या विनोदाला कशी हसणार? हा शोध चौथ्या मजल्यावरच्या सुनीतीकाकूंचा. त्या आधी डोळे मिटतात, मग मान हलवतात, आणि "मी कुण्णाला बोलत नाही हं" म्हणत सगळ्यांना सांगतात.

पुरावे भक्कम होते. हळदीकुंकवाला सगळ्या सतरंजीवर आणि काकू दाराजवळच्या खुर्चीत. आरती अर्ध्यावर आली, की "गाडी चुकीची लावलीये" म्हणून पसार. इतकी वाईट गाडी लावणारी बाई अख्ख्या दोह्यात दुसरी नसेल.

खबर साफ खोटी निघाली, आणि तीही माझ्या नकलेमुळे. लिफ्टमध्ये मी त्यांना सुनीतीकाकू करून दाखवत होते. "गंधार एकटाच का हो? दुसरा चान्स कधी?" काकूंनी ओठ दाबले, गुडघे जुळवले.

"खलास, वल्लरी! हसवू नकोस गं, मला परवडत नाही!"

दार उघडताच त्या घरात पळाल्या. बाहेर आल्या त्या कपडे बदलून. मग चहा टाकता टाकता सांगितलं. गंधारच्या बाळंतपणात रक्त थांबेना, म्हणून गर्भाशयच काढलं. फाटलं होतं तिथले टाके बिघडले, पुन्हा घातले. गंधार आता नऊ वर्षांचा आहे.

"टाके निघाले, घरी पाठवलं, म्हणजे सगळ्यांच्या मते मी बरी. पण शिंक आली, तांदळाची पिशवी उचलली, नाहीतर तू भेटलीस, की मी ओली." मांडी घातली की दुखतं, म्हणून खुर्ची. आणि बाथरूम जवळ, म्हणून दाराशी.

"मग सांगून का टाकत नाही?"

"सुनीतीताईंना? त्यापेक्षा समुद्राकाठी कॉर्निशवर बोर्ड लावते की!"

मग सप्टेंबरात लुसैलला वर्ल्ड कपच्या आधीची एक मॅच ठरली. गंधार म्हणाला, "आई, यू नेव्हर स्टे." हे त्याने असं म्हटलं, की मला त्याची नक्कलही करवेना. शाळेचं गॅदरिंग असो की बीच, काकू शेवटपर्यंत कुठेच नसायच्या. या वेळी मात्र येणार आणि थांबणार म्हणाल्या.

मी लगेच पैज लावली. "मेट्रोने जायचंय, काकू. गाडीची थाप चालणार नाही. तुम्ही नवीन माराल."

"आणि खरं सांगितलं तर?"

"तर तुम्ही म्हणाल ते करीन."

"यल्ला, ठरलं," काकू म्हणाल्या.

तिकिटं इथल्या मराठी मंडळाने एकत्र काढलेली, त्यामुळे सुनीतीकाकू आमच्याच रांगेत, आणि अर्थातच वाटेच्या कडेला. चेंडू गोलपाशी गेला, गंधारने उडी मारून माझ्या डोक्यावर पॉपकॉर्न सांडले, काकू खळखळून हसल्या आणि ताडकन उठल्या.

"अहो मृणालिनी, आत्ता कुठे? गोल होईल की!"

मी कान टवकारले.

"बाथरूमला. बाळंतपणात फाटलं ते नऊ वर्षं गळतंय. पाय आत घ्या."

सुनीतीकाकूंनी डोळे मिटले. मान हलवायची राहूनच गेली. पाय मात्र दोन्ही आत.

काकू परत आल्या, गंधारशेजारी बसल्या. नंतर दोनदा गेल्या, दोनदा आल्या. दुसऱ्या वेळी तर सुनीतीकाकूंनी त्यांच्यासाठी सबंध रांगच उठवली, ट्रॅफिक पोलिसासारखा हात करून. शेवटची शिट्टी झाली तेव्हा काकू जागेवर होत्या, आणि "आई, डिड यू सी?" असं गंधार त्यांना तिसऱ्यांदा विचारत होता.

पैज मी हरले. शिक्षा म्हणून रोज संध्याकाळी गंधारला मराठी आकडे शिकवते, शंभरपर्यंत. सध्या एकोणऐंशीशी अडलोय. तो विचारतो, "इज दॅट सेव्हन्टी नाइन ऑर एटी नाइन?" आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जाऊन काकूंना विचारून येते.