एका हातानं बसवलेलं चाक

दादांच्या अंगावरून वारं गेलं, तेव्हा त्यांच्या मोटारसायकलचं मागचं चाक काढलेलंच होतं. जुना टायर पार गुळगुळीत झाला म्हणून त्यांनी नवा आणला, एका रविवारी चाक काढून त्यावर चढवला आणि चाक पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवलं. बसवायचं पुढच्या रविवारी ठरलं होतं. तो रविवार त्यांनी नगरला दवाखान्यात काढला. डावा हात आणि डावा पाय, दोन्ही गेले होते.

दादा म्हणजे माझे वडील. नगरला एका वर्कशॉपात त्यांनी सगळी नोकरी फिटर म्हणून केली आणि निवृत्त होऊन पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावी आले. येताना ही साडेतीनशे सीसीची गाडी आणली. ती माझ्याहून वयानं मोठी होती. मी तेव्हा शेजारच्या गावात प्राथमिक शाळेवर शिक्षिका होते. नव्वदनंतरची तीन-चार वर्षं उलटली असतील.

दवाखान्यातून आल्यावर पाय हळूहळू सुधारला. काठी घेऊन ते परसात जाऊ लागले. हात मात्र कोपरापासून तसाच लोंबत राहिला. गाडी पडवीत मोठ्या स्टँडवर उभी होती आणि चाकाच्या रिकाम्या जागेत कोंबड्या बसायच्या. आई त्यांना हाकलत नसे. येणारा-जाणारा विचारायचा, "फिटर, गाडी द्यायची का?" दादा काठी टेकत परसाकडे वळायचे. मामा एकदा म्हणाले, "पारनेरहून मिस्त्री आणतो, अर्ध्या तासात चाक बसवून देईल." त्यावर दादा एवढंच म्हणाले, "काढलंय मी."

आठेक महिने असे गेले. मग एका सुट्टीच्या सकाळी, चहा झाल्यावर, त्यांनी मला पान्यांची पेटी मागितली. मी पेटी आणली, शेजारी पोतं अंथरलं आणि साडीचा पदर खोचून त्यांच्याजवळ बसले.

"तू तिकडं बस," ते म्हणाले. "आन् हात लावू नको."

"दादा, चाक जड आहे."

"मला म्हाईत न्हाई व्हय?"

आईनं स्वयंपाकघरातून मला खूण केली. मी उंबऱ्यावर जाऊन बसले.

गाडीच्या मागे ते पोत्यावर पाय पसरून बसले. चाक उजव्या हातानं लोटत लोटत मडगार्डखाली नेलं. आता ते इतकं उचलायचं की चाकाचं भोक आणि चिमट्याची, म्हणजे चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या गाडीच्या पट्ट्यांची, भोकं एका रेषेत यावीत, आणि मग त्यातून ॲक्सल, म्हणजे लोखंडी दांडा, आरपार घालायचा. चाक आणि चिमटा यांच्या मधे बोटभर लांबीची एक नळी बसते, तीही त्याच वेळी जागेवर धरावी लागते. धडधाकट माणसालासुद्धा या कामाला तिसरा हात कमी पडतो. दादांकडे एकच होता.

त्यांनी उजवा पाय टायरखाली सरकवला आणि पायानंच चाक उचललं. हातानं नळी धरली, तर दांडा घालायला हात नाही. दांडा घेतला, तर नळी पडायची. तीन वेळा पडली. चौथ्या वेळी त्यांचा पाय थरथरला, चाक तिरकं होऊन त्यांच्या मांडीवर कलंडलं आणि नळी फरशीवरून घरंगळत थेट माझ्या पायाशी आली.

मी ती उचलून त्यांच्यापुढे धरली.

"ठेव."

"अहो, देते ना हातात."

"व्हती तिथं ठेव."

मी ती उंबऱ्याशी, होती तिथं परत ठेवली. दादांनी चाक बाजूला केलं आणि बसल्या बसल्या, उजव्या हाताचा रेटा देत, डावा पाय ओढत फरशीवरून माझ्यापर्यंत आले. तेवढं चार हात अंतर पार करायला त्यांना बराच वेळ लागला. नळी घेतली, पण लगेच वळले नाहीत. कपाळावरचा घाम नाकावरून गळत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांनी पाहिलं.

"रडती कशाला? काम चाललंय."

मग ते परत गेले. या वेळी मात्र चाकाला लगेच हात घातला नाही. पेटी धुंडाळून ग्रीसचा डबा काढला, तो गुडघ्यात दाबून झाकण उघडलं. नळीच्या तोंडाला ग्रीसचा जाड थर लावला आणि ती चाकाच्या भोकावर दाबून धरली. हात सोडला. नळी चिकटून राहिली. ते स्वतःशीच हसले आणि म्हणाले, "आठ म्हैन्यांत डोकं पन गंजलं."

पुन्हा पाय टायरखाली. चाक वर आलं, दांडा अर्धा गेला, अडला. पायानं चाक जरासं हललं आणि दांडा पलीकडे निघाला. मी आईला हाक मारली. ती पीठभरल्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

पुढचं काम सोपं नव्हतं, पण तिथं जीव टांगणीला लागला नाही. एक पाना डाव्या बाजूच्या नटाला अडकवून त्यांनी चिमट्याला टेकवला, म्हणजे तो फिरणार नाही, आणि उजवीकडून आवळलं. चेन ओढून जोडली. चेनलॉकची, म्हणजे चेनचा जोड धरणारी, पत्ती पकडीनं बसवताना एकदा उडाली, ती कोंबडीनं चोचीत धरली तेव्हा मात्र आई धावली. त्याला दादांनी हरकत घेतली नाही. मग ब्रेक जोडला, चाक फिरवलं, कुठं घासतंय का ते कान लावून ऐकलं. जेवायची वेळ टळून गेली होती.

"आता चालवणार कोण?" आईनं विचारलं. क्लच डाव्या हाताला असतो, हे तिलाही ठाऊक होतं.

"ही," दादा माझ्याकडे बघून म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करताहेत. पण पुढच्या रविवारी गावाबाहेरच्या माळावर त्यांनी खुर्ची मांडायला लावली. मी सलवार-कमीज घालून गेले. किक मारताना पायाला असा उलटा झटका बसला, की दोन दिवस लंगडत शाळेत गेले. दादा खुर्चीतून ओरडायचे, "सोड, हळू सोड! त्यो क्लच हाय, दोरी न्हाई!" गाडी दोनदा माझ्या अंगावर पडली. दिवाळीनंतर मी तिच्यावरून शाळेत जाऊ लागले. पहिले काही दिवस पारावरची माणसं बोलणं थांबवून बघायची, नंतर त्यांना सवय झाली.

दादा हाताच्या व्यायामासाठी पारनेरला जायचे, तेव्हा माझ्या मागे बसायचे. उजव्या हातानं सीटचा पट्टा धरायचे आणि चढ आला की कानाशी सांगायचे, "खालचा गिअर टाक." बहुतेक वेळा तो मी आधीच टाकलेला असायचा. हात काही सुधारला नाही. दोन वर्षांनी आम्ही ते जाणंही सोडलं. गाडी मात्र मी बदली होऊन जामखेडला गेले तोवर चालवली.