मधलं नाव

बारशाला वहिनीनं पाळण्याची दोरी धरली, तेव्हा हिरव्या बांगड्या कोपराकडे सरकल्या आणि मनगटावर उठलेली चार काळीनिळी बोटं दिसली. ती बोटं माझ्याच दादाची होती.

बाळाच्या नावावरून घरात महिनाभर वाद चालले होते. मधल्या नावाचा विचार मात्र कुणीच करत नाही. ते बापाचं असतं, आणि पोरगा ते मरेपर्यंत बाळगतो. आमच्या वडिलांचाही हात असाच चालायचा. त्यांचं नाव दादाच्या नावापुढे अजून आहे.

आत्या मीच. बाळाच्या कानाशी वाकले, तशा बायका रिवाजाप्रमाणे हसत माझ्या पाठीत धपाटे घालू लागल्या. "ईशान," मी कुजबुजले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ईशान मीनल." मीनल म्हणजे वहिनी.

धपाटे थांबले. मग एकच बसला. मी पाळण्याच्या कडेवर आदळले आणि तोंडात रक्ताची चव आली. बायकांचा हात असा नसतो. मी मागे वळून पाहिलं नाही. समोर वहिनीनं, तिला कुणी हातही लावला नसताना, दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं झाकून घेतलं होतं.