पडद्यापलीकडचा हात

ओल्या गरम टॉवेलचा वास आला की मला नारायणगुड्यातलं ते फिजिओथेरपीचं क्लिनिक आठवतं. मानेतून निघालेली कळ तेव्हा उजव्या अंगठ्यापर्यंत उतरायची, हातातून चहाचा कप निसटायचा. त्या दुपारी थेरपिस्ट बाईंनी सांगितलं होतं की पकड वाढत नाहीये, आता ऑपरेशनचा विचार करावा लागेल. मानेला ताण देणारं ट्रॅक्शन लावून मी छताकडे बघत पडले होते आणि डोळ्यांतलं पाणी कानात ओघळत होतं. तेवढ्यात पडद्यापलीकडच्या खाटेवरून एका म्हाताऱ्या बाईंचा आवाज आला, "रोरे क्या बेटा? हात देव इधर." पडद्याखालून आलेला त्यांचा जाडसर, मेंदी लावलेला हात मी माझ्या उजव्या हाताने धरला. "दबाव," त्या म्हणाल्या. मी होता नव्हता तेवढा जोर लावला. "आरा ना जोर, अच्छा खासा आरा." हातात जोर येतोय हे ऐकून मला एकदम हलकं वाटलं. थोड्या वेळाने थेरपिस्ट बाई पलीकडे गेल्या आणि पडद्याखालून अजून दिसणाऱ्या त्याच हाताला टाचणी टोचत विचारू लागल्या, "अम्मा, कुछ मालूम होरा?" "नै," त्या शांतपणे म्हणाल्या, "इस हात में तो कबसे कुछच मालूम नै होता." माझं ऑपरेशन पुढे टळलं. मान अजूनही धरते, व्यायामाचा वीट येतो; पण सकाळी उठून मी तो करते.